उसाच्या मुळाशी शहर

कसबा बावडा हे कोल्हापूरच्या उत्तर अंगाला पंचगंगेकाठी वसलेलं आणि केव्हाच शहरात मिसळून गेलेलं गाव. या एका गावाच्या शिवारात तीन तऱ्हेचं खत जन्माला येतं. छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखान्यातून मळी निघते. लाईन बाजारच्या कचरा डेपोवर शहराच्या कचऱ्याचं कंपोस्ट करण्याचा प्रयोग झाला. ‘झूम प्रकल्प’ या नावाने तो बावडेकरांच्या तोंडी बसला, पण खतापेक्षा कचऱ्याच्या डोंगरासाठीच जास्त गाजला. तिसरं खत तयार होतं त्याच लाईन बाजारच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, ज्याची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर आहे. सरकारी कागदावर त्याला गाळ म्हणतात आणि केंद्रावर स्लज.

मळीत काय असतं ते शेतकऱ्याला ठाऊक आहे, कारण ती त्याच्याच उसाच्या रसातून गाळून निघालेली असते. कचऱ्याच्या कंपोस्टात काय आहे ते हात घातल्यावर कळतं. बोटाला काच लागते, प्लास्टिकची चिंधी वर येते. गाळ मात्र या तिन्हींत दिसायला सगळ्यात सोज्वळ. वाळला की काळपट, भुसभुशीत, वासही बेताचा. ऊस त्याच्यावर पहिल्याच लागणीला काळोखी धरतो, कारण कोरड्या गाळात साधारण दोन ते चार टक्के नत्र असतं, स्फुरद असतं, आणि पोत्यातल्या खतात न मिळणारा सेंद्रिय कर्बही असतो. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस असलेल्या मुलखात एवढं नत्र फुकटाच्या भावात मिळणं ही थोडी गोष्ट नाही.

त्याखेरीज त्या गाळात काय असतं, ही गोष्ट मात्र लांबची आहे. ती सांगायला दीडशे वर्षं मागे आणि कोल्हापूरच्या बरंच बाहेर जावं लागतं.

खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं आणि मुठेच्या कालव्यावर पुण्याभोवती ऊस पसरू लागला. ऊस खादाड; गोठ्यातलं शेणखत त्याला पुरेना. त्याच सुमारास टोपल्यांच्या संडासांतून रोज निघणारा मैला टाकायचा कुठे, या पेचात पुण्याची नगरपालिका होती. दोन्ही अडचणींचा मेळ सोनखताने घातला. शहराबाहेरच्या खड्ड्यांत मैला आणि झाडलोटीची राख यांचे थर द्यायचे, उन्हात वाळवायचे आणि तयार खत बागाईतदारांना विकायचं. नाशकातही हेच चाललं होतं. सुरुवातीला माळ्यांनी नाकं मुरडली. पण शेजारच्या रानातला ऊस पाहून मागणी वाढत गेली आणि मैला नगरपालिकेच्या खर्चाच्या खात्यातून जमेच्या खात्यात गेला. विलायतेहून आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर १८८९-९० मध्ये हिंदुस्थानची शेती पाहत फिरले. १८९३ च्या अहवालात त्यांनी इथल्या शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही; खत वाया का जातं याची कारणं त्यांनी जळणाच्या टंचाईत आणि परिस्थितीत शोधली. गोऱ्या साहेबांच्या अहवालांत हे तसं दुर्मीळच.

त्या काळच्या सोनखतात काय होतं? भाकरी, आमटी, भाजीपाला आणि चुलीची राख. धोका होता तो जंतांचा आणि पटकीचा. ऊन, उष्णता आणि चार-सहा महिन्यांचा काळ यांनी तो बराचसा मरत असे. धातूंचा संबंध पितळेच्या भांड्यांपुरता आणि कल्हईत मिसळलेल्या शिशापुरता. सोनखतावरचा शेतकऱ्याचा विश्वास या काळात बसला आणि तो रास्त होता.

मात्र त्या सोनखताचे गोडवे गाताना त्या टोपल्या कोणाच्या डोक्यावर होत्या हे विसरून चालत नाही. शहराचं हे सगळं उत्पन्न भंगी, मेहतर म्हणून हिणवल्या गेलेल्या मोजक्या जातींच्या हातांवर उभं होतं. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ मध्ये अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः भंगीकाम करू द्यावं म्हणून उपवास केला. येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडलं. पुढे फोंडाघाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या कणकवलीत अप्पासाहेबांनी गोपुरी आश्रम उभारला. ज्यात मैल्याला कोणाचा हात लागत नाही आणि तरी त्याचं खत होतं, असा गोपुरी संडास त्यांनी कोकणात रुजवण्याचा प्रयत्न केला. मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या हलाखीची चौकशी करायला १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांची समिती नेमली. म्हणून भुयारी गटार आली तेव्हा ती नुसती आरोग्याची सोय नव्हती. डोक्यावरची टोपली खाली ठेवण्याचा तो एक रस्ता होता, मग कायद्याने मैला वाहण्याची प्रथा बंद करायला १९९३ साल का उजाडेना. गटारीने खत बिघडवलं असं म्हणणाऱ्यांनी या बाजूचाही हिशेब धरावा.

गटारीतल्या पाण्याचं करायचं काय, याचं आजही चालणारं उत्तर १९१४ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरला मिळालं. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी मैलापाण्यात हवा फुंकत ठेवली आणि तळाला बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्याला विरजणासारखा लावला. त्या गाळात वाढलेल्या जिवाणूंनी काही तासांत पाणी निवळून दाखवलं. त्यांच्यामागे सल्लागार म्हणून उभे होते गिल्बर्ट फाउलर. हेच फाउलर १९१६ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. हिंदुस्थानच्या जमिनीला नत्र हवं आहे आणि शहरं ते नदीत सोडताहेत, ही टोचणी त्यांना अखेरपर्यंत होती. त्यांच्या लेखी हा गाळ म्हणजे शेतातून शहरात गेलेलं नत्र परत शेतात पोचवण्याचं साधन होतं.

इकडे होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड काडीकचरा, शेण आणि राखेच्या ढिगाऱ्यांवर प्रयोग करत होते. १९२४ ते १९३१ या वर्षांत घडलेली ही ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. सेंद्रिय शेतीवाले आजही हॉवर्डचं नाव घेतात, पण १९३१ च्या मूळ पुस्तकावर दुसरं नाव यशवंत वाड यांचं आहे याची आठवण मराठी माणसांनाही क्वचितच असते. वाड तिथे थांबले नाहीत. एफ. के. जॅक्सन यांच्याबरोबर त्यांनी इंदूर शहराचा मैला आणि कचरा याच पद्धतीने कुजवून दाखवला आणि १९३४ मध्ये त्याची रीत छापून प्रसिद्ध केली. पुढे सी. एन. आचार्य यांनी कंपोस्टची बेंगळुरू पद्धत दिली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अन्नटंचाईत, १९४३ नंतर, गावोगावच्या नगरपालिकांनी कंपोस्ट डेपो काढले. या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की शहरातून येतं ते माणसाच्या पोटातून आणि स्वयंपाकघरातून आलेलं असतं. त्यांच्या काळी ते खरंच होतं.

मँचेस्टर कापडगिरण्यांचं शहर होतं, तेव्हा त्या पहिल्या गाळातही रंगाचं पाणी असणारच. आपल्याकडे ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ ही पदवी इचलकरंजीने मिरवली. संस्थानाचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसवला. माग नुसता विणतो तोवर पाण्याला फारसा त्रास नसतो. सायझिंग, ब्लीचिंग, रंगाई, छपाई हे प्रोसेसचे कारखाने आले तेव्हा चित्र पालटलं. कापड धुण्याच्या रसायनांत नॉनिलफिनॉलच्या जातीचे पदार्थ बरीच वर्षं वापरात होते. जिवाणू त्यांना अर्धवट तोडतात, आणि तुटून जे उरतं ते मूळ पदार्थापेक्षा जास्त चिवट व पाण्यातून निघून गाळाला चिकटणारं असतं. माशांच्या शरीरात ते स्त्री-संप्रेरकासारखं वागतं म्हणून युरोपीय संघाने २००३ मध्ये त्याच्यावर कडक निर्बंध घातले. इचलकरंजीतून पंचगंगेत जाणाऱ्या एका ओढ्याला लोक काळा ओढा म्हणतात. हे नाव कोणा शास्त्रज्ञाने दिलेलं नाही.

कोल्हापुरात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. गुऱ्हाळाचे चरक आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्र्यांनी स्वतःच ती बनवायला घेतली, त्यातून शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं आणि मग शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या औद्योगिक वसाहती वाढल्या. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना गाळासाठी सरसकट दोष देणं मात्र अन्यायाचं आहे. ओतकाम कोरडं असतं. त्याची डोकेदुखी म्हणजे वापरलेली वाळू. पाणी बिघडतं ते पुढच्या कामांत: जॉबचा गंज काढायला तेजाबात बुडवणं, निकेल-क्रोम चढवणं, लेथवरचं तेलपाणी. यातली बरीच कामं छोट्या शेडमध्ये, गल्लीबोळात होतात आणि त्यांचं पाणी घरच्या मोरीच्याच गटारीत जातं. सराफी कामाचं तेच. सोन्याच्या डागाला कॅडमियमचं डाक लावायची पद्धत ‘केडीएम’ नावाने गिऱ्हाइकांनाही पाठ झाली होती, आणि सोनं-चांदी शुद्ध करायला नायट्रिक आम्ल लागतंच. नवल हे की ज्या चपलेने कोल्हापूरचं नाव जगात नेलं तिचा यात वाटा नगण्य. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याच्या पाण्याला वास असतो, पण त्यात क्रोमियम नसतं.

आणि घरं? घरंही बदलली. निरमा १९६९ मध्ये आली, राख आणि रिठे गेले. शौचालय साफ करायची आम्लं, गॅल्व्हनाइज्ड नळातून झिजणारं जस्त, प्रतिजैविकं, जंतुनाशक साबण, पॉलिएस्टरच्या साड्यांचे सूक्ष्म तंतू, पाणी न धरणाऱ्या कापडावरचे आणि न चिकटणाऱ्या तव्यावरचे फ्लोरिनयुक्त लेप, हे सगळं त्याच मोरीतून चाललं. पुण्याच्या १८८० मधल्या टोपलीत यातलं काहीच पडणं शक्य नव्हतं.

कोल्हापूरची म्हणून एक खास अडचण आहे. भुयारी गटार सगळ्या शहरात नाही. शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं जयंती, दुधाळी, लाईन बाजार, बापट कॅम्प अशा नाल्यांतून पंचगंगेकडे वाहत आलं. त्यामुळे नदी वाचवायची तर नालाच्या नाला अडवून, उपसून केंद्रावर नेणं हा मार्ग निवडला गेला. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून बावड्याचं ७६ दशलक्ष लिटरचं केंद्र उभं राहिलं, दुधाळीचं १७ दशलक्ष लिटरचंही झालं. नदीच्या दृष्टीने हे चांगलंच होतं. परंतु नाल्यात घरचं पाणी कुठलं आणि गॅरेजचं कुठलं असा भेद राहत नाही. उपसा पंपाला सगळं सारखं. म्हणजे नदीत जाणारं जे काही अडवलं ते दोन वाटांनी पुढे गेलं: निवळलेलं पाणी नदीकडे आणि बाकीचं गाळात.

हे अडवणं किती निकडीचं होतं ते इचलकरंजीने २०१२ च्या उन्हाळ्यात पाहिलं. काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसं दगावली. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकांनी मुंबई उच्च न्यायालयात नेला आणि नागपूरच्या नीरी संस्थेकडे अभ्यासाचं काम आलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली तेव्हा ३५१ पैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रात निघाले, पंचगंगा त्यात होतीच. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी अधूनमधून येतच राहिली. या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती पाण्याची. किती दशलक्ष लिटर अडवलं, किती सुटलं, किती शुद्ध झालं. गाळाचा आकडा कोणी विचारला नाही.

तो काढणं अवघड नाही. एक दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करताना ढोबळमानाने दोनशे किलो कोरडा गाळ निघतो. म्हणजे बावड्याचं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला पंधरा टनांच्या आसपास, आणि तो ओला असतो तेव्हा त्याच्या कैक पट. आता समजा, आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम क्रोमियम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चालणारी ही कमाल मर्यादा, म्हणजे क्रोमियमपुरतं ते पाणी प्यायलं तरी चालेल. एका दशलक्ष लिटरमध्ये हे क्रोमियम ५० ग्रॅम होतं. त्यातलं तीन-चतुर्थांश जिवाणूंच्या गठ्ठ्यांना चिकटून दोनशे किलो गाळात उतरलं, तर किलोमागे सुमारे १९० मिलिग्रॅम पडतं. शहरी कंपोस्टासाठी आपल्या खत नियंत्रण आदेशातली मर्यादा आहे ५०. पाणी पिण्यालायक आणि गाळ मर्यादेच्या जवळजवळ चौपट, अशी ही गंमत. पाणी जितकं चांगलं साफ करावं तितका गाळ भारी होत जातो.

शेतात गेल्यावर हे धातू कुठे जात नाहीत. नत्र उडतं, वाहतं, पीक घेतं; कर्ब कुजून जातो. कॅडमियम तिथेच बसतं. किलोमागे पाच मिलिग्रॅम कॅडमियम असलेला गाळ हेक्टरी दहा टन घातला, तर वरच्या वीतभर मातीत पडणारी भर किलोमागे ०.०२ मिलिग्रॅमच्या जवळपास. एका लागणीत ती मोजणीतही नीट सापडत नाही. दहा वेळा घातल्यावर ती ०.२ होते, आणि कित्येक जमिनींत मुळातलं कॅडमियमच तेवढं असतं. न्यायाने बोलायचं तर सुपर फॉस्फेटच्या पोत्यातूनही थोडं कॅडमियम येतं, कारण ते खडकातच असतं. शेतकऱ्याच्या जमिनीत दोन्हींची बेरीज होते.

पुढे काय होतं हे मातीवर ठरतं, आणि इथे कोल्हापूर जिल्हा म्हणजे दोन जिल्हे आहेत. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याची काळी, चुनखडीची, अल्कधर्मी जमीन. तिच्यात धातू घट्ट बांधले जातात, मुळांना सहज मिळत नाहीत. पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडे तांबडी जांभ्याची, आम्लधर्मी माती, धो धो पाऊस आणि भात. तिथे कॅडमियम मोकळं फिरतं आणि भाताला ते शोषण्याची खोडच आहे. जपानात जिन्झू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीतलं कॅडमियम भाताच्या खाचरांत उतरलं आणि म्हाताऱ्या बायकांची हाडं ठिसूळ झाली. त्या ‘इताई-इताई’ आजाराला जपान सरकारने १९६८ मध्ये प्रदूषणाचा आजार म्हणून मान्यता दिली. कोल्हापुरात असं काही झालेलं नाही, होईलच असंही नाही. पण गाळाची एकच ट्रॉली शिरोळला उतरली काय आणि गगनबावड्याला उतरली काय, हे सारखं नाही. ऊस त्यातल्या त्यात बरा, कारण रसात धातू फारसे येत नाहीत. मात्र उसाचं वाडं म्हशीपुढे पडतं आणि बांधावर मेथी-पालकही असतो.

देशात याचे अनुभव आहेत. दिल्लीच्या केशोपूर भागात शेतीला वर्षानुवर्षं मैलापाणी मिळालं. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वीस वर्षं असं पाणी घेतलेल्या जमिनीत पिकाला मिळू शकणारं जस्त २०८ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं, निकेल आणि शिसंही वाढलेलं होतं. पिकांवर लगेच मोठं संकट दिसलं नाही, हेही त्यांनी नोंदवलं. कानपूरच्या जाजमऊत मात्र संकट दिसलं. गंगा कृती योजनेत तिथल्या चामड्याच्या कारखान्यांचं पाणी घरगुती मैलापाण्यात मिसळून एकाच केंद्रात शुद्ध करायचं आणि आसपासच्या गावांना शेतीसाठी द्यायचं ठरलं. पाण्याबरोबर क्रोमियम गेलं. मिसळण्यामागे हिशेब असा होता की घरगुती पाण्याने विष पातळ होईल. पातळ झालं खरं, पण सगळ्या गावांत पोचलं.

साता समुद्रांपलीकडे हीच गोष्ट जास्त पैशांत घडली. बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या मिलवॉकी शहराने १९२६ मध्ये आपला गाळ वाळवून ‘मिलॉर्गनाइट’ नावाने पिशव्यांत भरून विकायला सुरुवात केली. गोल्फची हिरवळ त्यावर पोसली. न्यूयॉर्कसारखी शहरं मात्र गाळ समुद्रात टाकत होती. १९८८ च्या कायद्याने ते बंद करायला लावलं, शेवटची खेप १९९२ मध्ये गेली आणि एवढा गाळ ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. उत्तर होतं शेत. १९९३ मध्ये अमेरिकेने नियम केला, मोजके धातू तपासायचे, जंतू मारायचे आणि गाळाला ‘बायोसॉलिड’ असं गोंडस नाव देऊन पसरायचा. त्या यादीत आज नऊ धातू आहेत. फ्लोरिनवाली रसायनं यादीत नव्हती, म्हणून ती कोणी तपासली नाहीत. २०१६ मध्ये मेन राज्यातल्या अरुंडेल गावच्या एका गोठ्याच्या दुधात ती सापडली. तिथल्या कुरणावर वीसेक वर्षं गाळ पडला होता. गवतातून गाईत, गाईतून दुधात असा सरळ रस्ता. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला हा रस्ता समजावून सांगायची गरज नाही. मेनने २०२२ मध्ये शेतात गाळ घालायलाच बंदी केली. स्वित्झर्लंडने हा निर्णय २००३ मध्येच घेऊन टप्प्याटप्प्याने अमलात आणला होता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये मसुदा काढला, त्यात गाळात एक अब्जांश भाग एवढं यातलं एखादं फ्लोरिनवालं रसायन असलं तरी त्या शेतावर राहणाऱ्याला धोका संभवतो असं म्हटलं आहे.

आपल्या कागदावरचे आकडे या देशांच्या मानाने ढिले नाहीत, उलट कडक आहेत. खत नियंत्रण आदेशात २००६ मध्ये शहरी कंपोस्टासाठी क्रोमियमच्या त्या ५० खेरीज कॅडमियम ५, शिसं १००, निकेल ५०, तांबं ३००, जस्त १०००, आर्सेनिक १० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम प्रतिकिलो अशा मर्यादा घातल्या गेल्या. अमेरिकेत चांगल्या प्रतीच्या गाळाला कॅडमियम ३९ पर्यंत चालतं. प्रश्न आकड्यांचा नाही. हा आदेश लागू होतो तो खत म्हणून पोत्यात भरून विकणाऱ्याला. केंद्राच्या अंगणातून कोणी ट्रॉली भरून नेली, तर ते खत की भराव की विल्हेवाट, हे ठरवायची घाई कोणालाच नसते. केंद्राला जागा मोकळी हवी असते, शेतकऱ्याला लागणीआधी काळं खत हवं असतं आणि ट्रॅक्टरवाल्याला भाडं. तिघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नाही. यादीतही आठच धातू आहेत. नॉनिलफिनॉल, प्रतिजैविकं, फ्लोरिनची रसायनं यांच्याविषयी ती गप्प आहे.

आणखी एक विसंगती इचलकरंजीसारख्या गावात उघडी पडते. प्रोसेसचा जो कारखाना सामूहिक प्रक्रिया केंद्राला जोडलेला आहे, त्याच्या पाण्यातून निघालेला रासायनिक गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडतो. त्याची नोंद ठेवावी लागते, तो वाटेल तिथे टाकता येत नाही, रांजणगावला आहे तशा अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरावा लागतो आणि त्याचे टनामागे पैसे मोजावे लागतात. तेच रंगाचं पाणी रात्री गावाच्या गटारीत सुटलं, तर ते सांडपाणी होतं, महापालिकेच्या केंद्रात जातं आणि तिथला गाळ सेंद्रिय म्हणून शेताच्या वाटेला लागू शकतो. एकाच हौदातलं क्रोमियम. एका दाराने गेलं तर घातक कचरा, दुसऱ्या दाराने गेलं तर खत.

म्हणून काम गाळावर कमी आणि नाल्याच्या वरच्या अंगाला जास्त आहे. प्लेटिंगचं पाणी शेडमध्येच अडवणं, सराफी आम्लाचं वेगळं संकलन, प्रत्येक प्रोसेसची जोडणी तपासणं, आणि तोवर केंद्रातून निघणाऱ्या गाळाच्या प्रत्येक ढिगाची तपासणी करून तिचा कागद ट्रॉलीबरोबर देणं. धातू तपासण्याची यंत्रं राज्यातल्या विद्यापीठांत आणि मृदा प्रयोगशाळांत आहेत. गाळ जांभ्याच्या रानात आणि पालेभाजीला नाही, ऊस किंवा झाडांना, आणि तोही मोजून, एवढा भेद केला तरी फाउलर आणि वाड यांना हवं असलेलं नत्र शेतात परत जाऊ शकतं. ट्रॉलीबरोबर कागद मागायचा हक्क मात्र शेतकऱ्याला अजून कोणी सांगितलेला नाही. लागणीच्या हंगामात त्याला ट्रॉलीचं भाडं तेवढं सांगितलं जातं.